शेंदराची खोळ

सुरतेहून आले म्हटलं की आमच्या अमळनेरात पहिला प्रश्न येतो, साड्या काय भावानं मिळतात? मी साडी एकही आणली नाही. मी आणली ती एका गाभण जनावराच्या चित्रांची भलीमोठी गुंडाळी. ती उलगडायला लागले की बायका अर्धा चहा टाकून उठतात. म्हणून लिहायला घेतलं. कागद निदान उठून जात नाही.

मी चित्रकलेची शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझी भाची मुग्धा पुण्याची. जुन्या भिंतींवरची चित्रं साफ करून टिकवायची, हे तिचं काम. सुरतेच्या पूर्वेला जिथे डोंगर सुरू होतात, तिथे एका डुंगरीच्या, म्हणजे टेकडीच्या, पोटात दगडी कपार आहे आणि तिच्या भिंतीवर आदिमानवानं गेरूनं काढलेली चित्रं आहेत. डुंगरीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही डबे, पत्ते आणि खडू घेऊन पोहोचाल.

मुग्धाचा फोन आला, "मावशी, इथे खोदकाम चालू आहे, चित्रं उतरवून घ्यायला चांगला हात हवाय. तू येतेस?" मला आकाश ठेंगणं झालं. सरकारी उत्खननात आपला हात लागणार म्हणून मी नवा चष्मा करून घेतला, ब्रश धुतले, शेजारच्या चार घरी सांगून आले. खरं कारण सुरतेत उतरल्यावर कळलं.

नवागाम

उतरले मावसबहिणीकडे, विमलताईकडे. ती लग्न होऊन सुरतेला आली ती नवागामचीच झाली. यजमान पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात होते, ते गेले. आता मुलगा जितू तिथेच आहे. गल्लीत पाऊल ठेवलं की आपण गाडीत बसून पुन्हा अमळनेरलाच उतरलो की काय असं वाटतं. दारोदार अहिराणी, भरताच्या वांग्यांचा धूर, आणि ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याचं कूळमूळ काढणाऱ्या बायका. फरक एवढाच की पोरं रागावली की गुजरातीत रागावतात, आणि आईला पैसे मागायचे असले की मराठीत येतात.

विमलताईनं मला पाणी दिलं आणि समोर बसली.

"ये वो सुमन. तुले मास्तरीन म्हनीसन बलावं नही त्यास्नी," ती म्हणाली. "माले तठेन उठाडाले बलावं शे."

प्रकरण असं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी मिल बंद पडली होती तेव्हा गल्लीतले पुरुष मन रमवायला त्या डुंगरीकडे गेले. कपारीत भिंतीवर लाल काहीतरी दिसलं. विमलताईच्या यजमानांनी तिथेच हात जोडले, मिल चालू होऊ दे म्हणाले. मिल चालू झाली. मग काय विचारता. आधी चुना, मग तेल-शेंदूर, मग दरसाल चैत्रात अख्खी गल्ली टेम्पोनं. लाल खुणेची डुंगरीमाय झाली, आणि वर्षावर्षाचा शेंदूर चढून भिंतीवर चांगला हातभर फुगवटा आला.

आता उत्खननवाल्यांना त्या फुगवट्याच्या एका बाजूनं जनावराचे मागचे पाय दिसत होते आणि दुसऱ्या बाजूनं शिंगं. मधलं सगळं अंग शेंदराखाली. मुग्धाला ती खोळ काढायची होती. आणि विमलताई गल्लीतल्या बायका घेऊन रोज कपारीत जाऊन ठाण मांडत होती.

"सून आठव्या महिनामा शे," तिनं सांगितलं. "दोन डाव पोट खाली व्हयनं तिन्हं. औंदा मायले नवस बोलनू, लेकरू सुखरूप उनं का डोकापाईन पायलोंग शेंदूर. आते खोळ काढी लिन्ही तं मी शेंदूर कोठे लावू? तुन्ही मुग्धाना डोकावर?"

सून काजल आत पाय लांब करून बसली होती. ती हसली, पण हात पोटावरून काढला नाही. त्या पोरीकडे बघितलं आणि माझा चष्मा, ब्रश, सरकारी मान, सगळं मला फार थिल्लर वाटलं.

जितू संध्याकाळी पाळीवरून आला. कोपरापर्यंत निळा. "मासी, मम्मीला समजावून काय फायदो नाही," तो म्हणाला. "ती एकदम जिद्दी. माझे पप्पा पण थकून गेले होते." आणि आम्हाला पोंक खायला घालायला घेऊन गेला. हिरव्या ज्वारीचे भाजलेले कोवळे दाणे, लिंबाची शेव, वर साखरेची शेव. आपल्याकडे हुरडा खातात तो शेतात, मीठ-मिरची लावून, हाताला राख लागलेली असताना. इथे तो वजन करून द्रोणात मिळतो, आणि पहिल्या घासाला गोड लागतो. सुरतेत तक्रार तरी कुठे गोड नसते?

डुंगरी

डुंगरीवर तंबू, दोऱ्यांचे चौकोन आणि खूप पाट्या. पहिल्याच दिवशी मी चढून दमले आणि दिसला त्या मातीच्या ढिगावर टेकले. तीन माणसं ओरडली. ती माती नव्हती म्हणे, तो न चाळलेला पुरावा होता. मी पुराव्यावरून उठले आणि पातळ झटकलं, तर झटकलेलंही एकानं जमा करून पिशवीत भरलं.

उत्खननाचे प्रमुख मुग्धाच्या पुण्याचेच, सगळे त्यांना सर म्हणत. उंच, गळ्यात भिंग, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहायची सवय. त्यांनी मला खड्डा दाखवला. खाली दगडाची नखाएवढी पाती, गेरूचा घासून चपटा झालेला खडा, हे हजारो वर्षांपूर्वीचं. सगळ्यात वर गुटख्याच्या पुड्या. "प्रत्येक काळ आपापला थर सोडून जातो," सर म्हणाले. आपला थर पाहून मला शरम वाटली, पण सरांचा ड्रायव्हर तिथेच उभा राहून त्यात भर घालत होता.

कपारीत मात्र मी नवा चष्मा पुसून पुन्हा लावला. फुगवट्याच्या चहूबाजूंनी गेरूची माणसं धावत होती, हातात काठ्या, एकाच्या पाठीला एक. काडीसारखी माणसं, पण त्यांचा वेग असा की मी चाळीस वर्षं वर्गात मुलांना धावणारा माणूस शिकवला तो सगळा लंगडा होता. मुग्धा म्हणाली, "मावशी, लोक यावर पाणी मारतात. ओलं केलं की चित्र उठून दिसतं ना. दर वेळी थोडं थोडं जातं." मी हात मागे बांधून उभी राहिले, शाळेत मुलांना उभं करायचे तशी.

आणि चित्राच्या पायथ्याशी विमलताई आणि तिच्या पाचसहा बायका. डबे, सतरंजी, भजनाचे टाळ. सर रोज त्यांच्यासमोर उभे राहून व्याख्यान देत.

"श्रद्धेला माझा विरोध नाही," सर म्हणाले. "पण दगडाला तेल फासणं हे अज्ञान आहे. हा पूर्वजांचा वारसा आहे. तो पूर्वजांनी ठेवला तसाच राहिला पाहिजे."

विमलताईनं मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, पूर्वजांनी ठेवलंय त्याला हात लावू नका म्हणतात.

"मंग बराबर शे," ती म्हणाली. "पहिला शेंदूर मन्हा मालकनी लायेल शे. त्या बी आते पूर्वजच व्हई ग्यात ना."

सरांनी भिंग पुसलं आणि जेवणाची वेळ झाली म्हणाले. जेवण हा त्या तंबूतला दुसरा छळ होता. आचारी वरणात इतका गूळ घाली की शेवटी पुरणपोळी मागावीशी वाटे. एक दिवस विमलताईनं सरांना आपल्या डब्यातलं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर पाठवली. शत्रूलाही उपाशी ठेवायचं नाही, ही खानदेशी रीत. सर घाम पुसत, नाक ओढत सगळं खाऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी व्याख्यान निम्म्यावर आटोपलं.

मध्यस्थी मी केली ती अशी, की बाळंतपण होईपर्यंत खोळीला कुणी हात लावायचा नाही. सर चिडले, कारण मार्च संपला की काम बंद. मुग्धानं मात्र मान डोलावली. "तोवर मी कडेची चित्रं करते," ती म्हणाली. त्या दिवसांत मी फोटोंवरून माणसं उतरवून काढली आणि संध्याकाळी नवागामला येऊन काजलचे पाय चेपले.

खोळ निघते

मुलगी झाली. सुखरूप, काळीसावळी, मोठ्या आवाजाची. जितूनं पांडेसऱ्यात घारी, ती सुरतेची तुपात थबथबलेली मिठाई, वाटली. विमलताई दवाखान्याच्या पायरीवर बसून इतकी रडली की येणारे-जाणारे तिचं सांत्वन करायला लागले.

आणि सोयर फिटताच ती शेंदराची पुडी, तेलाची बाटली घेऊन डुंगरीवर हजर.

"आणखी एक थर?" मुग्धाचा आवाज चिरकला. सरांनी हात आडवे पसरले, जणू ती तोफ घेऊन आली होती. विमलताई कपारीच्या पायरीवर बसली. तिचंही बरोबर होतं. आपण मागितलं, मायनं दिलं, आता फेडायच्या वेळी दारात माणूस आडवा. नवस अंगावर ठेवून लेकराला पाळण्यात घालायची तिची हिंमत होत नव्हती. सव्वा महिन्याच्या आत फेडायचा, असं ती बोलली होती.

शेवटी मुग्धाच तिच्याजवळ बसली. "मावशी, मी खोळ काढते. तुम्ही इथेच बसा, माझ्या हाताकडे बघत. खाली काय आहे ते दोघी बघू. मग शेंदूर कुठे लावायचा ते तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही."

सरांचा चेहरा पडला. भाचीचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि भीतीही. ताईनं भिंतीकडे बोट दाखवलं असतं तर?

खोळ काढणं म्हणजे काय ते सांगते, कारण मला वाटलं होतं छिन्नी-हातोडा असेल. आधी एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा साफ करून पाहायची, खालचं चित्र सोबत निघत नाही ना. मग कडेनं औषधात भिजवलेला कापूस लावायचा, थांबायचं, पातळ सुरी सरकवायची, पुन्हा थांबायचं. दिवसभरात तळहाताएवढं काम. विमलताई शेजारी मांडी घालून बघत राहिली. एकदा म्हणाली, "पोरगीना हात हलका शे. सुईन व्हवाले पाहिजे व्हती." मुग्धाला अर्थ सांगितल्यावर ती लाजली.

आणि एका दुपारी अख्खी खोळ हलली. गल्लीतल्या पुरुषांनी आधी चुना फासला होता ना, त्या चुन्यावरून शेंदराचं ते कवच भिंतीपासून सुटलं, आणि चौघांनी ते जपून खाली घेतलं. मागे राहिलेला चुना मुग्धानं औषधाच्या कापसानं टिपला.

जनावर होतं. नीलगाय असावी. मान वळवून मागे पाहणारी, आणि तिच्या पोटात, पोट पारदर्शक असावं तसं, पाय मुडपून बसलेलं वासरू.

मला हुंदका आला, उगाच लपवत नाही. मग सरांना वाचा फुटली. गर्भवती! मातृशक्ती! या बायका अपत्यासाठी नवस बोलतात आणि खाली गाभण मादी! आदिमानवापासून आजवरची अखंड मातृपूजा! सरांनी विमलताईला नमस्कार केला आणि विचारलं, "बाई, आता तरी ओळखलंत ना? हीच तुमची माय."

विमलताईनं जनावराकडे खूप वेळ पाहिलं. जवळ गेली, पदर तोंडावर धरून.

"चांगली शे," ती म्हणाली. "पाय कसा काढेल शे, आते पळी जाई असा. पन हाई माय नही. हाई नीलगाय शे." मग ती वळली आणि जमिनीवर ठेवलेल्या शेंदराच्या कवचाकडे बोट केलं. "मन्ही माय ती शे. ती माले द्या."

इतका सुंदर सिद्धांत हातात घेऊन माणूस उभा असावा आणि भक्तच नको म्हणावा, असा प्रसंग सरांवर आधी आला नसावा. शिवाय कवच द्यायचं कसं? त्यावर आधीच चिठ्ठी चिकटवून झाली होती, 'नमुना'. थरांची तपासणी व्हायची होती. त्यावरून पुन्हा बसणं, पुन्हा व्याख्यान, पुन्हा भरीत. अखेर कपार लोकांना खुली करायच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे ठरले आणि कपारीत बायका बसलेल्या दिसायला नकोत म्हणून सर एका सकाळी उदार झाले. तपासणीपुरता नखाएवढा तुकडा ठेवून घेतला.

"राहू द्या," विमलताई म्हणाली. "मायनं एक नख त्यास्पान राहिनं तं त्यास्नं बी भलं व्हई."

मुग्धानं कवच स्पंजात बसवलं, कडेनं कापूस भरला, वर मऊ कागद घातला. वस्तुसंग्रहालयात मूर्ती धाडतात तसं. विमलताईनं ते प्लॅस्टिकचं खोकं सरकारी जीपमध्ये मांडीवर घेतलं. नवागामच्या नाक्यावर ढोल-ताशे, गुलाल, आणि गुजरातीत घोषणा देणारी पोरं. जीपच्या ड्रायव्हरला कुणीतरी हार घातला, तो त्यानं दिवसभर काढला नाही.

पाहुणे

उद्घाटनाला मी राहिले, कारण माझी चित्रं तंबूत लावायची होती. लावली, मंडपाच्या खांबामागे.

पाहुणे आले, मागे पंधरावीस माणसं. सगळी बूट घालून दोरी ओलांडून आत. कपारीत समई पेटवली. भिंतीवर काजळी धरू नये म्हणून मुग्धा दोन महिने कपाळावर बॅटरी बांधून काम करत होती. पाहुण्यांनी जनावराकडे पाहिलं आणि हात जोडले. "अरे वाह! माताजी साक्षात!"

मला वाटलं, आता सर सांगतील. श्रद्धेला विरोध नाही, पण. तेच रोजचं वाक्य. सर पुढे झाले, आणि त्यांच्या हातात ताट होतं. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. ताट कुणी आणलं, कधी आणलं, मला कळलं नाही. पाहुण्यांनी चिमूटभर कुंकू घेतलं आणि नीलगायीच्या कपाळावर चोळलं. मग कपारीच्या दगडावर नारळ आपटला, त्याचं पाणी उडालं ते थेट भिंतीवर. टाळ्या पडल्या. सरांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

मुग्धा पुढे धावली तर एकानं तिला बाजूला केलं. फोटोत येत होती.

पुढचे दोन दिवस ती कापूस घेऊन त्या कपाळापाशी बसली. "मावशी, हे कुंकू नाही, नुसता रंग आहे," ती म्हणाली. "पाण्यानं विरघळला आणि दगडात उतरला. आता निघायचा नाही." इतक्या वर्षांचा नवागामचा शेंदूर अख्खा सुटून आला. शिकल्यासवरलेल्यांची एक चिमूट कायमची बसली. नीलगायीच्या कपाळावर गुलाबी डाग आहे, आणि बाजूच्या नव्या पाटीवर सरांनी 'प्राचीन मातृदेवता' असं लिहवून घेतलंय. उद्घाटनाच्या दिवशीच मी त्यांना जाब विचारायला गेले होते, तर ते पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले होते. हे मला अजून सलतं.

पुन्हा नवागाम

सव्वा महिना व्हायच्या आत विमलताईनं नवस फेडला. घरातल्या कोनाड्यात माय बसवली होती, तिच्या खोक्यासकट. काजल नाहून, हिरवी साडी नेसून, लेकीला घेऊन बसली. जितूनं त्या दिवशी कामावर खाडा केला आणि हात घासघासून धुतले, तरी नखं निळीच. विमलताई शेंदूर कालवून वरपासून खालपर्यंत लावत होती, हळूहळू, कडा सांभाळून, मुग्धाकडे बघून शिकली असावी तशी. मांडे होते, आमरसाचे दिवस नव्हते म्हणून दूध. मुग्धालाही बोलावलं होतं, पण ती डुंगरीवरच थांबली होती.

ताईनं विचारलं, ती काबर उनी नही? मग मी सगळं सांगितलं. पाहुणे, ताट, नारळ, डाग.

तिचा हात थांबला. "माय तं आठे उनी," ती म्हणाली. "मंग तठे त्यास्नी कुकू कोनले लायं?"

नीलगायीला, म्हटलं.

तिनं बोटं पदराला पुसली, कोनाड्याकडे पाठ केली आणि बाळाला काजलच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"गाभन जनावरले," ती म्हणाली, "कोनी इतला तरास देस का, सुमन?"